त्याच तारांवर अधिक भार : पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील वीजपारेषणाचा इतिहास

महाराष्ट्रातील विजेचा इतिहास बहुधा धरणांच्या आणि औष्णिक केंद्रांच्या नावांनी लिहिला जातो, आणि सामान्य ग्राहकाच्या आठवणीत तो भारनियमनाच्या तासांनी उरतो. या दोहोंना जोडणारे पारेषण, म्हणजे निर्मितीकेंद्रापासून मोठ्या उपकेंद्रापर्यंत उच्च दाबाने होणारी विजेची वाहतूक, मात्र दोन्हींकडून दुर्लक्षित राहते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या बाबतीत हे दुर्लक्ष विशेष खटकणारे आहे, कारण येथे विजेचे मोठे निर्मितीकेंद्र कधीच नव्हते आणि लागणारी जवळजवळ प्रत्येक युनिट वीज मनोऱ्यांवरूनच आली. साठ वर्षांत या पट्ट्याची मागणी कित्येक पटींनी वाढली, परंतु मनोऱ्यांसाठी मिळू शकणारी जमीन त्या प्रमाणात वाढली नाही, किंबहुना घटतच गेली. ही तफावत नव्या वाहिन्यांनी भरून काढली असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आहे त्या तारांचा अधिक चांगला वापर होण्यात पारेषण यंत्रणेच्या अभियंत्यांइतकाच वाटा कारखान्यांच्या फाटकाआड, पाळ्यांच्या वेळापत्रकात आणि वीजबिलाच्या रचनेत झालेल्या बदलांचा आहे.

या इतिहासाचे पहिले प्रकरण भूगोलाच्या एका विसंगतीने सुरू होते. मावळ आणि मुळशी हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा प्रदेश पिंपरी-चिंचवडच्या अगदी शेजारचा असून इंद्रायणी, आंध्रा आणि मुळा यांच्या खोऱ्यांतले पाणी स्वभावतः पूर्वेकडे, याच पट्ट्याच्या अंगाने वाहते. टाटांच्या कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे पाणी माथ्यावर अडवून पश्चिमेकडे कोकणात उतरवले : १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. शेवटच्या प्रकल्पासाठी मुळशीचे धरण बांधले जात असताना सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह मराठी वाचकांना परिचित आहे. खोपोलीहून मुंबईच्या परळ भागाकडे गेलेली सुमारे सत्तर किलोमीटरची वाहिनी १०० किलोव्होल्ट दाबाची होती. किलोव्होल्ट म्हणजे हजार व्होल्ट, आणि व्यवहारात त्याला सरसकट ‘केव्ही’ म्हणतात. भारतातील लांब पल्ल्याच्या पारेषणाची सुरुवात १९०२ मध्ये शिवसमुद्रम् ते कोलार या सोन्याच्या खाणींसाठीच्या वाहिनीने अवघ्या ३० केव्हीवर झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तेरा वर्षांत टाटांनी मारलेली मजल ध्यानात येते. मात्र मावळच्या पाण्यातून निघालेली ही वीज मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती. पुढे १९३० च्या सुमारास कल्याण-पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले आणि चिंचवडच्या शिवारातून विजेवर चालणाऱ्या गाड्या धावू लागल्या, तरी आसपासच्या गावांत रॉकेलच्या चिमण्याच होत्या.

उच्च दाब का हवा, याचे गणित या सर्व विवेचनाचा पाया असल्याने ते येथेच स्पष्ट केलेले बरे. तारेतून वाहून नेली जाणारी वीज ही दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, तर तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तेवढीच वीज दुप्पट दाबाने पाठवली तर प्रवाह निम्मा होतो आणि तारेतील हानी चौथ्या हिश्श्यावर येते. दाब वाढवणे हा वाहिनीचा वापर सुधारण्याचा सर्वांत जुना मार्ग आहे, आणि शिवसमुद्रम्‌च्या वाहिनीवरही तो टप्प्याटप्प्याने अवलंबला गेला होता. राज्याची आजची पारेषण कंपनी असलेल्या महापारेषणच्या दाबपातळ्यांच्या यादीत आजही ७६५, ४००, २२० आणि १३२ यांच्याबरोबर ११० आणि १०० केव्ही हे आकडे दिसतात. वेगवेगळ्या मालकांनी वेगवेगळ्या काळी उभारलेली जाळी पुढे एकत्र सांधली गेल्याची ती खूण आहे.

पिंपरीचे औद्योगिक जीवन १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने सुरू झाले असे मानण्याची प्रथा आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘एमआयडीसी’, स्थापन झाले. त्याच १९६२ मध्ये कोयनेच्या पोफळी येथील भूमिगत केंद्रातून वीज मिळू लागली आणि कोयनेपासून निघालेल्या २२० केव्हीच्या वाहिन्यांनी पश्चिम महाराष्ट्र व मुंबई यांना प्रथमच एका सबळ जाळ्यात बांधले. आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को उभे राहिले ते याच दशकात. या योगायोगाकडे इतिहासकारांनी पुरेसे पाहिलेले नाही : जमीन, रेल्वे, महामार्ग आणि मुंबईची जवळीक ही कारणे नेहमी सांगितली जातात, पण कोयनेची वीज नेमकी त्याच वर्षांत उपलब्ध झाली नसती, तर एमआयडीसीने आखलेले भूखंड बराच काळ नकाशावरच राहिले असते. चिंचवडमध्ये विद्युत मंडळाच्या वसाहतीभोवती वाढलेल्या वस्तीला बिजलीनगर हे नाव पडले, ते आजही टिकून आहे.

एकाच केंद्रावर विसंबण्यातील धोका ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे उघड झाला. कोयनानगरच्या भूकंपाने जीवितहानी तर मोठी झालीच, शिवाय वीजकेंद्र बंद पडल्याने मुंबईपर्यंतच्या उद्योगांना फटका बसला. पुढील दोन दशकांत निर्मितीचा केंद्रबिंदू विदर्भातील कोळशाकडे सरकला. कोराडी आणि चंद्रपूर येथील केंद्रांची वीज राज्याच्या पूर्व टोकाहून पश्चिम टोकाला आणायची, म्हणजे सात-आठशे किलोमीटर वाहून न्यायची होती. त्यासाठी ४०० केव्हीच्या वाहिन्या आल्या आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर ते पडघे अशी ७५२ किलोमीटर लांबीची, अधिक-उणे ५०० केव्ही दाबाची आणि १,५०० मेगावॅट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू झाली.

तथापि टंचाईच्या वर्षांत या पट्ट्याला सर्वाधिक उपयोगी पडलेला उपाय तारांशी नव्हे, पंचांगाशी संबंधित होता. पिंपरी, चिंचवड आणि भोसरी परिसरातील असंख्य कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसून गुरुवारी असते, हे बाहेरून आलेल्या माणसाला प्रथम चमत्कारिक वाटते. त्यामागे कोणतीही धार्मिक परंपरा नाही. सर्व उद्योगांनी रविवारी सुटी घेतली तर सहा दिवस वाहिन्यांवर कमाल भार आणि सातव्या दिवशी त्या जवळजवळ मोकळ्या, अशी स्थिती होते. म्हणून वेगवेगळ्या विभागांना वेगवेगळे सुटीचे वार नेमून देण्यात आले आणि या व्यवस्थेला उद्योगांच्या बोलीत ‘स्टॅगरिंग डे’ असे नाव पडले. या व्यवस्थेचा मूळ हेतू तुटपुंज्या निर्मितीची वाटणी हा होता, वाहिन्यांची सोय हा नव्हे, हे मान्य करूनही तिचा परिणाम वाहिन्यांवरही तितकाच झाला. कोणतीही वाहिनी किंवा रोहित्र सरासरी मागणीसाठी नव्हे, तर वर्षातील सर्वाधिक मागणीच्या क्षणासाठी बांधावे लागते. सरासरी मागणी भागिले कमाल मागणी या गुणोत्तराला भारगुणक म्हणतात, आणि तो जितका एकाच्या जवळ तितका वाहिनीवर घातलेल्या पैशाचा मोबदला अधिक. गुरुवारच्या सुटीने एक नवा पैसा खर्च न करता भारगुणक सुधारला. त्याची किंमत कामगारांच्या कुटुंबांनी मोजली : मुलांची शाळा रविवारी बंद, वडिलांचा कारखाना गुरुवारी बंद, आणि लग्नकार्याला रजा टाकल्याशिवाय जाता येत नाही, अशी घडी दोन पिढ्या चालली. पारेषणाच्या हिशेबात ही किंमत कुठेही नोंदलेली नाही.

२००५ च्या जूनमध्ये, २००३ च्या वीज कायद्यानुसार, विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. पारेषणाचे काम महापारेषणकडे आले, तेव्हा राज्यात भारनियमनाचा सर्वांत कठीण काळ सुरू होता. त्यावर २००६ च्या जूनमध्ये ‘पुणे प्रारूप’ म्हणून गाजलेला प्रयोग झाला. कारखान्यांनी आपले डिझेल व तत्सम इंधनावरचे स्वतःचे जनित्रसंच चालवून तेवढी वीज महाजालातून, म्हणजे सामायिक ‘ग्रिड’मधून, घेऊ नये, त्यामुळे वाचलेल्या सुमारे नव्वद ते शंभर मेगावॅटमध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडची तूट भरून काढावी, आणि या महाग विजेचा अधिक भार महिन्याला तीनशे युनिटांपेक्षा जास्त वापरणाऱ्या ग्राहकांनी सोसावा, असे त्याचे स्वरूप होते. शहरांना अखंड वीज आणि शेजारच्या खेड्यांना बारा बारा तास अंधार ही त्यातील विषमता टीकेचा विषय झाली, आणि ती टीका योग्यच होती. तांत्रिक दृष्टीने मात्र त्या प्रयोगातून एक गोष्ट सिद्ध झाली : भाराच्या जागीच निर्माण झालेली वीज लांबच्या वाहिनीवरचा तेवढाच ताण हलका करते. आज कारखान्यांच्या छपरांवर दिसणारे सौर पट दिवसाच्या तासांत तेच काम धुराशिवाय करतात.

यापेक्षा शांतपणे, कोणत्याही गाजावाजाशिवाय झालेला बदल शक्तिगुणकाचा होता. उद्योगांत त्याला सर्रास ‘पॉवर फॅक्टर’ म्हणतात. मोटारी, वेल्डिंगची यंत्रे आणि भट्ट्या यांना प्रत्यक्ष कामाच्या विजेखेरीज चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठीही प्रवाह लागतो. हा दुसरा प्रवाह कोणतेही काम करीत नाही, परंतु तार मात्र अडवतो आणि तापवतो. शंभर किलोवॅटचे काम ०.८ शक्तिगुणकाने घेणारा कारखाना वाहिनीवर १२५ केव्हीए, म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअर, इतका भार टाकतो; तोच गुणक एकावर आणला तर प्रवाह एक-पंचमांशाने आणि तारेतील हानी एक-तृतीयांशाहून अधिक घटते. उपाय साधा आहे. भोसरीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्याच्या वीजखोलीत मुख्य पॅनेलशेजारी आणखी एक कपाट असते, त्यात खाली ओळीने कपॅसिटर बसवलेले असतात आणि दारावर एक लहानसा आकडा उजळलेला दिसतो. शॉपमध्ये मोठी मोटार सुरू झाली की तो आकडा ०.९९ वरून घसरतो, आत कॉन्टॅक्टर ‘खट्’ आवाज करून एक कपॅसिटर जोडतो, आणि काही सेकंदांत आकडा पुन्हा पहिल्या जागी येतो. हे कपाट दिवसभर करते ते काम अप्रत्यक्षपणे पोफळी आणि चंद्रपूरपासून आलेल्या तारांवर जागा मोकळी करण्याचे असते.

हे कपाट उद्योजकाने देशसेवेसाठी बसवलेले नाही. दीर्घकाळ उच्चदाब ग्राहकाचा शक्तिगुणक ०.९० च्या खाली गेल्यास दंड आणि ०.९५ च्या वर गेल्यास बिलात सवलत, जी गुणक एक झाल्यास सात टक्क्यांपर्यंत मिळे, अशी रचना होती, आणि सात टक्के ही रक्कम अशी आहे की तिच्यापुढे कपॅसिटरचा खर्च काही महिन्यांत फिटतो. १ एप्रिल २०२० पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांसाठी केव्हीएएच पद्धतीची आकारणी लागू झाली. त्यात युनिटांऐवजी वाहिनीवर पडलेल्या एकूण भाराचेच बिल येते, त्यामुळे स्वतंत्र दंड आणि सवलत यांची गरजच उरली नाही. दिवसाच्या वेळेनुसार दर ठेवण्याची पद्धत वीज नियामक आयोगाने याआधीच, २००० सालच्या पहिल्या दरआदेशापासून, रुजवली होती. सकाळी नऊ ते बारा आणि सायंकाळी सहा ते दहा हे महाग तास, तर रात्री दहा ते पहाटे सहा हे स्वस्त तास ठरल्याने ओतशाळा आणि उष्णोपचाराचे कारखाने जड कामे रात्रपाळीकडे ढकलू लागले. गुरुवारच्या सुटीने आठवड्यात केले, तेच या दराने दिवसाच्या चोवीस तासांत केले. फरक इतकाच की पहिले हुकमाने झाले आणि दुसरे हिशेबाने. सौरविजेचा पुरवठा वाढल्यानंतर अलीकडच्या दरआदेशांत हे घड्याळ उलटे फिरले असून स्वस्ताईचे तास रात्रीकडून दिवसाकडे सरकले आहेत.

चाकणची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. संग्रामदुर्गाच्या वेढ्यासाठी इतिहासात आणि कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी व्यवहारात ओळखले जाणारे हे गाव १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आल्यानंतर बदलू लागले आणि २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ व महिंद्र यांच्या आगमनाने वाहनउद्योगाचे केंद्र झाले. पिंपरी वाढली तेव्हा मनोरे माळरानावर उभे राहिले होते आणि शहर नंतर त्यांच्याखाली येऊन पोहोचले. चिंचवड, वाल्हेकरवाडी, रावेत या भागांत अतिउच्चदाब तारांच्या छायेत उभी राहिलेली घरे हा महापालिकेचा जुना प्रश्न आहे. चाकणला मात्र कारखाने, रस्ते, गृहप्रकल्प आणि मनोरे यांना एकाच वेळी जागा हवी होती, आणि तोवर जमिनीचा भाव शेतकऱ्याला पुरता कळलेला होता. वीज कायद्याच्या कलम १६४ अन्वये मिळणारे अधिकार १८८५ च्या तार कायद्यातून आलेले असून त्यानुसार मनोऱ्याची जमीन संपादित केली जात नाही, केवळ वापरली जाते व नुकसानीची भरपाई दिली जाते. खेड तालुक्यातील बागायतदाराला पिकापुरती भरपाई पुरेशी वाटणे शक्यच नव्हते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी मूल्याच्या ८५ टक्के व तारांखालील पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत मोबदल्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० व ३० टक्के केले. मोबदला वाढला हे न्याय्यच झाले, पण त्याबरोबर एका नव्या वाहिनीची किंमत आणि तिला लागणारी वर्षेही वाढली.

म्हणून जमिनीच्या प्रत्येक मीटरमागे अधिक वीज नेणे भाग पडले. २२० केव्हीच्या वाहिनीला सुमारे ३५ मीटर रुंदीचा पट्टा लागतो आणि तिच्यावरून ढोबळमानाने १३० मेगावॅट वीज सहज वाहते. ४०० केव्हीच्या वाहिनीला ४६ ते ५२ मीटर लागतात, परंतु तिची सहज वाहनक्षमता पाचशे मेगावॅटच्या घरात जाते. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वरचा दाब जवळजवळ तिप्पट फायद्याचा ठरतो. लोणीकंड, चाकण आणि तळेगाव येथील ४०० केव्हीची उपकेंद्रे या पट्ट्याचा मुख्य आधार झाली ती याच तर्काने. जेथे नवा पट्टा मिळणे अशक्य, तेथे जुन्या मनोऱ्यांवरची तार बदलण्याचा मार्ग उरतो. आपल्याकडील पारंपरिक वाहक तार पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमचे पदर वळून केलेली असते आणि ब्रिटिश प्रथेप्रमाणे तिचे प्रकार प्राण्यांच्या नावांनी ओळखले जातात : १३२ केव्हीला ‘पँथर’, २२० ला ‘झेब्रा’, ४०० ला ‘मूस’. ही तार साधारण ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू देतात. त्यापुढे ती लांबते, दोन मनोऱ्यांमधला झोल वाढतो आणि खालच्या जमिनीपासून राखायचे अंतर, २२० केव्हीसाठी सुमारे सात मीटर, धोक्यात येते. याउलट इन्व्हार मिश्रधातूचा किंवा कार्बन तंतूंचा गाभा असलेल्या ‘एचटीएलएस’ तारा, म्हणजे जादा तापमानालाही कमी झोल देणाऱ्या तारा, दीडशे अंशांच्या वरही चालतात आणि त्याच मनोऱ्यांवरून जवळजवळ दुप्पट प्रवाह नेऊ शकतात. त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे : प्रवाह दुप्पट झाला की हानी वाढतेच, म्हणून हा उपाय अल्प लांबीच्या शहरी वाहिन्यांना शोभतो, लांब पल्ल्याला नाही.

तारेची क्षमता केवळ तारेवर ठरत नाही, हे ३० आणि ३१ जुलै २०१२ च्या उत्तर भारतातील महाजाल-बिघाडाने दाखवून दिले. बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी प्रत्यक्ष दोष नसताना बंद पडली. जड भार आणि घसरलेला दाब यांना संरक्षक रिलेने दूरवरचा बिघाड समजून वाहिनी तोडली. त्यानंतर रिलेंची मांडणी तपासणे हाही वाहिन्यांच्या वापराचा भाग मानला जाऊ लागला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि चाकणचा कारखाना देशव्यापी महाजालाचा ग्राहक झाला.

क्षमतेच्या मोजणीचा प्रश्न आता जगभर नव्याने विचारला जात आहे. वाहिनीची मर्यादा ठरवताना कडक उन्हाळ्याचे तापमान आणि जवळजवळ पडलेला वारा गृहीत धरण्याची रूढी आहे, त्यामुळे थंड, वाऱ्याच्या दिवशी तारेची बरीच क्षमता विनावापर राहते. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने डिसेंबर २०२१ मधील ८८१ क्रमांकाच्या आदेशाने हवेच्या तापमानानुसार मर्यादा बदलत्या ठेवणे पारेषण कंपन्यांना बंधनकारक केले; तारेवर संवेदक बसवून वाऱ्याचाही हिशेब धरण्याची पद्धत त्याच्या पुढची पायरी आहे. चाकणच्या पठारावर मे महिन्याची दुपार आणि जानेवारीची पहाट यांत तीस अंशांपर्यंत फरक पडू शकतो, हे पाहता ही पद्धत येथे उपयुक्त ठरावी असे कागदावर सहज म्हणता येते.

प्रत्यक्षात येथल्या हिवाळी पहाटेला दुसरी बाजू आहे. ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे दाट धुके आणि दव यांमुळे ४०० केव्हीच्या वाहिन्या ठिकठिकाणी बंद पडल्या, लोणीकंड आणि चाकणच्या उपकेंद्रांना त्याची झळ बसली आणि पुणे शहराच्या मोठ्या भागासह पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण येथील वीज गेली. अशा बिघाडामागची यंत्रणा जगभर अभ्यासलेली आहे : रस्त्यांची, बांधकामांची आणि कारखान्यांची धूळ इन्सुलेटरच्या चिनी मातीच्या तबकड्यांवर साचते, कोरडी असेपर्यंत ती निरुपद्रवी राहते, पण दवाने ओलावली की तिचा पातळ वाहक थर तयार होतो आणि प्रवाह तबकड्यांवरून मनोऱ्याकडे झेपावतो. पावसाळा ती धूळ धुऊन काढतो, म्हणून धोका ऑगस्टमध्ये नव्हे तर पावसाळा सरून तीन-चार महिने उलटल्यावर वाढतो. पाणी न धरणारे सिलिकॉनचे इन्सुलेटर बसवणे, जुन्या तबकड्यांवर तसाच लेप देणे आणि हिवाळ्याआधी त्या धुऊन घेणे हे त्यावरचे उपाय आहेत. ज्या थंड पहाटे तार सर्वाधिक प्रवाह वाहू शकते, त्याच पहाटे तिला धरून ठेवणारी तबकडी सर्वांत दुबळी असते, म्हणून या पट्ट्यात तारेवरच्या तापमापकाला तबकडीवरच्या धुळीच्या मोजमापाची जोड द्यावी लागेल.